टकमावशीचा ठोकळा

तिला सगळी पोरं टकमावशी म्हणायची. मशीनवरून पोराला उतरवायच्या आधी ती कोटाच्या खिशातून एक लाकडी ठोकळा काढायची आणि मशीनच्या पोटात खालून एक ठोका मारायची. टक. आवाज झाला की पाय सुटले. चार वर्षं मी हा आवाज रोज ऐकला, सगळ्या पोरांनी ऐकला, आणि आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की मावशी, हा ठोका कशासाठी? शाळेत तास संपला की घंटा होते, तशी ही मशीनची घंटा असेल असं मी धरून चाललो होतो. एवढा शिकलेला मी प्रशिक्षक, आणि अक्कल एवढीच.

आमचा जिम्नॅस्टिक्सचा हॉल पहिल्या मजल्यावर होता. खाली टायरचं दुकान, त्यामुळे वर कायम रबराचा वास. एका भिंतीला आरसे, त्यातल्या एकाला कोपऱ्यात तडा. मध्ये गाद्या, पलीकडे दांड्या, आणि खिडकीजवळ ते पाय ताणायचं मशीन. गादीची बैठक, मागे-पुढे होणारी पाठ, समोर दोन लोखंडी हात आणि मधोमध चाक. पोरानं बसायचं, दोन्ही पाय त्या हातांवर टेकवायचे, मांडीला पट्टे बांधायचे. चाक फिरवलं की हात दोन बाजूंना उघडत जातात आणि त्यांच्याबरोबर पाय. आत एक दातेरी पट्टी आणि तिच्यावर एक लोखंडी खटका. पट्टी एकेक दात पुढे जाते, खटका तिला मागे येऊ देत नाही. उतरवताना खटका उचलायचा, की हात सैल होऊन जवळ येतात. सांगायला इतकं सोपं आहे.

मावशी तिथं झाडलोट करायला आली होती, पस्तिशीत. नवरा ट्रकवर होता, तो एका सकाळी कामाला गेला आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईकडे राहिला. मूलबाळ नाही. कुणी कीव करायला लागलं की ती म्हणायची, "माझा नवरा हरवलेला नाही, फक्त दुसरीकडे ठेवलाय." आणि स्वतःच हसायची, म्हणजे समोरच्याला हसायचं की नाही हा प्रश्न उरायचा नाही.

मशीन आलं त्या दिवशी ते आणणाऱ्या माणसानं तेव्हाच्या सरांना अर्धा दिवस सगळं समजावलं. मावशी तिथंच फरशी पुसत होती. दोन महिन्यांनी ते सर गेले, नवे आले, त्यांना काहीच माहीत नाही. मशीन कापड घालून झाकून ठेवायची वेळ आली तेव्हा ही म्हणाली, "मी ऐकलंय." आमच्या संस्थेच्या मोठ्या बाई, म्हणजे सगळा कारभार बघणाऱ्या, आधी हसल्या. मग मावशीनं त्यांनाच मशीनवर बसवून दाखवलं. त्या दिवसापासून झाडू दुसरीकडे गेला आणि मावशीला निळा कोट मिळाला. तो कोट ती घरी नेऊन रोज इस्त्री करायची. आम्हा प्रशिक्षकांचे टी-शर्ट चुरगळलेले, आणि मशीनवालीचा कोट कडक.

तिचे नियम असे होते की पोरांना पाढ्यांसारखे पाठ. थंड पाय मशीनवर नाही. आधी दहा मिनिटं पळायचं, उड्या मारायच्या, घाम दाखवायचा. खरंच दाखवायचा, ती कपाळाला बोट लावून बघायची. मशीन आधी हलवून बघायचं, चारही पाय जमिनीला टेकलेत का. दोन्ही हात सारखे उघडतात का, ते रिकाम्या मशीनवर एकदा फिरवून बघायचं. पाठ ताठ, बूड मागे चिकटलेलं. गुडघ्याची वाटी छताकडे, आत वळलेली चालणार नाही. पट्टा गुडघ्यावर कधीच नाही, वर मांडीवर, आणि त्याच्याखाली एक बोट गेलं पाहिजे. मग चाक, तेही पाव फेराच. मग थांबायचं, तीन श्वास. मग विचारायचं. मग पुढचा पाव.

आणि सगळ्यात मोठा नियम, बोलत राहायचं. पोर मशीनवर असेपर्यंत गप्प बसायचं नाही. शाळेतलं सांग, मांजराचं सांग, मला शिव्या दे, पण बोल. "ओरडणारं पोर बरं," ती म्हणायची. "ओरडतंय म्हणजे अजून जीव आहे ओरडायला. पोर गप्प झालं की समजायचं, आता खरं दुखतंय. चाक थांबवायचं."

मी तिची चेष्टा करायचो. "मावशी, एवढी काळजी नवऱ्याची घेतली असती तर?"

"त्याला पट्टे बांधायचे राहिले, सर."

मी लागलो त्या वर्षीची गोष्ट. मोठ्या बाई एक रंगीत कागद घेऊन हॉलमध्ये आल्या. नव्या मशीनची जाहिरात. त्यात चाक बसणाऱ्याच्याच हातात, स्वतःचे पाय स्वतःच ताणायचे, दुखलं की एक बटण दाबलं आणि लगेच सगळं सैल. बाई म्हणाल्या, "चांगलं आहे की नाही? याला मग माणूस लागत नाही." मावशी आरसा पुसत होती. तडा गेलेल्या कोपऱ्यावर तिचं फडकं बराच वेळ फिरत राहिलं. मग बाईच म्हणाल्या, "पण आपलं तर उत्तम चाललंय. बिघडलं की बघू." कागद घडी होऊन टेबलाच्या खणात गेला. मला ते चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी मी मावशीला म्हणालो होतो, "वाचलात." ती हसली नाही.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं. हॉलमागच्या गल्लीत एका वेल्डरचं दुकान होतं, त्याची ही मुलगी. आई लहानपणीच गेलेली. सहाव्या वर्षी बापानं आणून सोडली, कारण घरात ती कपाटावरून उड्या मारायची आणि दुकानात ठिणग्यांमागे पळायची. भिंगरी हे नाव मावशीनंच ठेवलं. मी तीस पोरांना शिकवलं असेल त्या चार वर्षांत, पण खरं सांगतो, देवानं घडवून पाठवलेली एकच होती. अकराव्या वर्षी ती हवेत अशी वळायची की खाली उभे असलेले आम्ही श्वास घ्यायला विसरायचो. मावशीचा जीव तिच्यावर होता. मशीनवर बाकीच्यांना तीन श्वास, भिंगरीला पाच.

त्या वर्षी मोठ्या प्रशिक्षण केंद्राची निवड होती. निवड झाली की मुलीचं राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिकडे. वेल्डरच्या पोरीला असं दार पुन्हा उघडणार नव्हतं. तिचं सगळं तयार होतं, फक्त पाय पूर्ण फाकवून बसताना जमीन आणि मांडी यांच्यात चार बोटांची फट राहत होती. ती चार बोटं मला स्वप्नात दिसायची.

निवडीला चार दिवस असताना मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मोतीबिंदू. तारीख दोनदा पुढे ढकललेली, आता ढकलता येत नव्हती. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"सर, उद्या मी नाही. मशीन बंद ठेवा."

"मावशी, चार दिवस राहिलेत."

"एका दिवसानं काही होत नाही. मी परवा येते, डोळ्याला पट्टी बांधून येते. पण मी नसताना मशीन नको."

"अहो, मला येतं चाक फिरवता. तुमचे नियम मला झोपेत विचारा."

"चढवणं सोपं असतं, सर," ती म्हणाली. तोंड उघडलं होतं तिनं, पुढे काहीतरी होतं. मग मिटलं.

मला वाटलं, बाईचा रुबाब. आपल्यावाचून अडलं पाहिजे, हे म्हाताऱ्या माणसांना हवंच असतं. मी हसून तिच्या खांद्यावर थोपटलं. आता ते थोपटणं आठवलं की स्वतःच्या हाताची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीला मी मशीनवर बसवलं. आधी पळवलं, घाम बघितला. मशीन हलवून बघितलं. वाट्या छताकडे, पट्ट्याखाली बोट. पाव फेरा, पाच श्वास. ती बोलत होती, बापानं तिला काळा चष्मा लावून वेल्डिंग बघू दिलं त्याबद्दल, आतली आग कशी हिरवी दिसते त्याबद्दल. तिसऱ्या पावाला चेहरा ओढला गेला, पण बोलणं चालू. मग ती म्हणाली, "बास, सर." मी थांबलो. तीसपर्यंत आकडे म्हटले. पाय इतके उघडले होते की जमिनीवर बसली असती तर आता दोनच बोटांची फट राहिली असती. मला इतका आनंद झाला होता की मी तिला टाळी दिली.

मग खटका उचलायला गेलो. उचलला गेला नाही.

पुन्हा लावला जोर. हलला नाही. "सर, बास ना," भिंगरी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "हो, हो, झालंच." दातात खटका अडकला की काय करतात ते कुणालाही माहीत असतं. गाडीच्या जॅकला करतात तेच, आधी किंचित पुढे फिरवायचं, म्हणजे भार उतरतो आणि खटका मोकळा होतो. मी चाक किंचित पुढे फिरवलं. खटका मोकळा झालाच नाही. झिजलेल्या दातांवरून घसरत तो दोन दात पुढे जाऊन बसला.

जाडं कापड फाटावं तसा आवाज आला. आणि पोर गप्प झालं.

पट्टे सोडून तिला मागे ओढून घेता आलं असतं. हे मला दुसऱ्या क्षणाला सुचलं, चाक पहिल्या क्षणाला फिरलं होतं. मी पट्टे सोडले, तिला उचललं. ती ओरडली नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, आवाज नाही. बाप हातमोजे घातलेलेच धावत आला, आणि पोरीला घेताना मोजे काढायचे राहिले.

मांडीचा मागचा स्नायू हाडापासून सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा एकदा झाली. डॉक्टर म्हणाले, चालेल. पळेल असं म्हणाले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा बाप दारात आडवा आला. रागावला नाही, तेच वाईट. "सर, तुम्ही नका येऊ," एवढंच म्हणाला. मी परत फिरलो ते नऊ वर्षं त्या गल्लीत पाऊल ठेवलं नाही.

चौकशी झाली. मोठ्या बाई, दोन परके गृहस्थ आणि एक लांब टेबल. मी सांगितलं, खटका अडकला होता. त्यांनी मावशीला बोलावलं. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, अंगात इस्त्रीचा कोट. विचारलं, मशीनमध्ये काही दोष होता का? ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "माझ्या हाताखाली मशीननं कधी त्रास दिला नाही." आणखी विचारलं, तुम्ही सरांना काही सांगितलं होतं? म्हणाली, "मी नसताना लावू नका, असं सांगितलं होतं."

दोन्ही उत्तरं शब्दन्‌शब्द खरी. मी मान खाली घातली आणि कागदावर सही केली. मशीन कुणी उघडून न बघताच त्याच आठवड्यात भंगारात गेलं. मीही गेलो. आपल्या धंद्यात बातमी आपल्याआधी पोचते; तीन ठिकाणी विचारलं, तिघांनीही चहा पाजला आणि वाटेला लावलं. शेवटी एका गोदामात लागलो, माल चढवायचा, माल उतरवायचा. लग्न झालं, मुलगी झाली. ती चालायला लागली तेव्हा बायको टाळ्या वाजवत होती, आणि मी टेबलांच्या कोपऱ्यांना फडकी बांधत होतो.

मावशीच्या बातम्या कानावर यायच्या. हॉलमध्ये नवं मशीन आलं, चाक बसणाऱ्याच्या हातात असलेलं. मावशीच्या हातात पुन्हा झाडू आला. कोट तिनं परत केला म्हणे, घडी घालून. पण काम संपलं की रोज संध्याकाळी ती वेल्डरच्या घरी जाते, पोरीचा पाय चोळते, तिला भिंतीला धरून चालवते, असं लोक सांगायचे. एक दिवस चुकवला नाही. मी बायकोला म्हणायचो, बघ, याला म्हणतात माणूस. चूक माझी आणि फेडतेय ती.

नऊ वर्षांनी, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, गोदामाच्या फाटकावरच्या माणसानं हाक मारली, तुमच्याकडे कुणी म्हातारी आलीय. मावशी होती. वाकली होती, केस पांढरे. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी तिला आत आणून खोक्यावर बसवलं, पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"परवा बागेत तुम्हाला बघितलं," ती म्हणाली. "तुमची पोर दांडीला लटकली होती. छान लटकली होती, खांदे सरळ ठेवून. तुम्ही धावत जाऊन तिला खाली काढलंत. रडत होती. पुन्हा दांडीला हात लावू दिला नाहीत तुम्ही."



तिनं पिशवीतून ठोकळा काढून माझ्या मांडीवर ठेवला. तोच. एक टोक ठोकून ठोकून गोल झालेलं. "हा घंटेसाठी नव्हता, सर. खटका अडकायचा. तुम्ही लागलात त्याच महिन्यात अडकायला लागला. पाठीचा टेकू खाली करून पोराला मागे निजवलं, की पाय थोडे सैल पडतात. मग खालून एक ठोका मारला की सुटतो. जागा ठरलेली आहे, दोन बोटं डावीकडे. मला सापडली होती. सांगणारच होते. पण त्याच आठवड्यात बाई तो कागद घेऊन आल्या. बिघडलं की बघू, म्हणाल्या." ती थांबली. "मशीन बदललं असतं तर मी पुन्हा झाडूवर. म्हटलं, आपल्याला येतंय ना सोडवता. पोरांना काही होत नाही ना. आपण आहोतच रोज."

"आणि चौकशीत?"

"तेव्हा मी सांगितलं असतं तर झाडूसुद्धा गेला असता," ती म्हणाली. "आणि भिंगरीच्या घरात पाय ठेवता आला नसता. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. असे उद्या गेले."

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. गोदामातली माणसं जेवण सोडून बघत होती. नऊ वर्षं, मावशी, नऊ वर्षं मी रात्री उठून बायकोच्या नकळत हात धुतलेत. माझ्या पोरीला मी झोपाळ्यावर बसू दिलं नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती, जणू ती मशीनवर होती आणि मी आकडे म्हणत होतो. राग ओसरला तेव्हा घसा बसला होता. आणि एक गोष्ट मला आतून टोचत होती, ती रागानंही जाईना. तिनं मला सांगितलं होतं. मशीन लावू नका, म्हणाली होती. कारण सांगितलं नाही, हे तिचं. ऐकलं नाही, हे माझं.

"चला," मी म्हटलं. "हे मला सांगून भागणार नाही. जिला सांगायचं तिला सांगा."

"म्हणून तर आले," ती म्हणाली. "एकटीनं जमेना."

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. आम्ही चालत गेलो. गल्ली तशीच होती, दुकानही तसंच, बाहेर अर्धवट वेल्डिंग केलेलं एक फाटक भिंतीला टेकवलेलं. बापानं मला बघितलं आणि काळा चष्मा कपाळावर सारला. "सर," तो म्हणाला, आणि वाटेतून बाजूला झाला. भिंगरी आत होती. उंच स्टुलावर बसून पंख्याच्या मोटरीला तांब्याची तार गुंडाळत होती, एक पाय सरळ पुढे टाकलेला. वीस वर्षांची बाई. बोटं मात्र तशीच, भराभर चालणारी. मला बघून ती हसली, ओळखीचं हसू. मला ते झेपलं नाही.

मावशी तिच्या पायाशी खाली बसली, रोज बसत असणार तशीच, आणि तिनं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, जाहिरातीच्या कागदापासून चौकशीच्या टेबलापर्यंत. भिंगरीची तार थांबली होती. बाप दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी त्यानं पुढे येऊन माझ्या हातातून तो ठोकळा घेतला, उलटसुलट करून बघितला.

"खटका झिजला होता?" त्यानं मावशीला विचारलं.

"हो."

"दातही?"

"शेवटचे तीन-चार."

"आणायचा ना माझ्याकडे." तो अगदी हळू बोलत होता, गिऱ्हाइकाला समजावतात तसं. "दोन टाके मारून, घासून दिला असता. मागच्याच गल्लीत होतो मी. पाव तासाचं काम होतं, मावशी. पाव तासाचं."

मावशीचं डोकं आणखी खाली गेलं. त्या बाईची त्या क्षणी मला दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"मला माहीत होतं," भिंगरी म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"रोज मशीनवर मी बसायचे की तुम्ही बसायचात?" ती म्हणाली. "मावशी पाठ खाली करायची, मग ठोकळा मारायची, मग सुटायचं. एकदा ठोका नीट बसला नव्हता, तेव्हा सुटलं नव्हतं, दुसरा मारावा लागला. पोरांना सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटायचं, असंच असतं मशीन." ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही खटका ओढत होतात तेव्हा मी सांगणार होते, सर. ठोकळा मारा, खालून मारा. पण इतकं दुखत होतं की 'बास ना' एवढंच निघालं. पुढे आवाजच फुटला नाही."

"आणि नंतर?" हे मी विचारलं. "नंतर का नाही सांगितलंस?"

ती तारेचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "दवाखान्यात मावशी आली, डोळ्याला पट्टी बांधून. माझा हात धरून बसली. मी वाट बघत होते, आता सांगेल. नाही सांगितलं. मग घरी यायला लागली. पाय चोळताना ती इतकं जपून चोळायची, तेवढा वेळच दुखायचं नाही. मी म्हटलं, मी बोलले तर ही यायची बंद होईल." तिनं नाक पुसलं. "तुमचं वाटायचं मला, सर. खूप वाटायचं. पण तुम्ही तर येतच नव्हतात."

बाप खाली बघू लागला. कारण मी का येत नव्हतो, हे त्याला माहीत होतं.

मला वाटलं होतं, खरं कळलं की मी रडेन, ओरडेन, निदान मोकळा होईन. तसं काही झालं नाही. मी दाराला टेकून उभा राहिलो. चौघांपैकी प्रत्येकाकडे एकेक वाक्य होतं, मावशीकडे कारण, माझ्याकडे 'हा ठोका कशासाठी', भिंगरीकडे 'खालून मारा', बापाकडे 'या, सर', आणि त्यातलं एक जरी वेळेवर बोललं गेलं असतं तर ही पोर आज स्टुलावर बसून तारा गुंडाळत नसती, निदान माझी नऊ वर्षं तरी वाचली असती. आणि चारही वाक्यं आज एका खोलीत येऊन पडली होती, कुणाच्या काही उपयोगाची नव्हती.

मावशीचा हात सवयीनं भिंगरीच्या पायाकडे गेला. मग लक्षात येऊन तिनं तो मागे घेतला, पदरात लपवला. भिंगरीनं बघितलं. स्टुलावरून सरकत, दोन्ही हातांनी उचलून, तिनं तो ताठ पाय मावशीच्या मांडीवर ठेवला.

मावशी चोळू लागली. टाचेपासून वर, मग गुडघ्याची वाटी सोडून मांडीपर्यंत. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हुंदका नाही, नाक ओढणं नाही, काही नाही. खोलीत फक्त तिचे हात फिरल्याचा आवाज येत होता.

"मावशी," भिंगरी म्हणाली, "गप्प नाही बसायचं. बोलत राहा."

मावशीनं मान वर केली. तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं.